पाचव्या पिढीचा संगणक : एका राष्ट्रीय संकल्पाचा अभ्यास

धरण ठरवून बांधता येते. लोहमार्ग ठरवून टाकता येतो. पोलादाचा कारखाना पंचवार्षिक योजनेत मांडता येतो आणि तो अमुक साली सुरू होईल असे छातीठोकपणे सांगताही येते. परंतु जो शोध अजून कोणालाच लागलेला नाही तो योजनेत कसा मांडावा? एखाद्या राष्ट्राला ‘अमुक वर्षी ज्ञानाच्या या क्षेत्रात आम्ही सर्वांच्या पुढे असू’ असा संकल्प सोडून तो सिद्धीस नेता येतो काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात हा प्रश्न आज अनेक राष्ट्रांपुढे उभा आहे. २०१७ साली कॅनडाने आणि त्यानंतर काही महिन्यांनी चीनने आपली राष्ट्रीय धोरणे जाहीर केली. चीनने तर २०२०, २०२५ आणि २०३० असे तीन टप्पे आखून शेवटच्या टप्प्यात जगाचे प्रमुख केंद्र होण्याचे ध्येय ठेवले. २०१८ साली आपल्या नीती आयोगानेही या विषयावरील धोरणपत्र प्रसिद्ध केले. ही सारी धोरणे वाचताना असे वाटते की, हा खेळ अगदी नवा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अशा प्रकारचा एक मोठा राष्ट्रीय प्रयत्न जपानने १९८२ ते १९९२ या दशकात केला. त्याचा आरंभ, विस्तार आणि शेवट आता आपल्यापुढे पूर्णपणे उलगडलेला आहे. म्हणूनच तो अभ्यासाला सोयीचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

१. संकल्पाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेला जपान पुढील तीन दशकांत पोलाद, जहाजे, मोटारी आणि दूरदर्शनसंच यांच्या उत्पादनात जगाच्या पहिल्या रांगेत येऊन बसला. या प्रगतीच्या मागे त्या देशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाचा मोठा हात होता. कोणत्या उद्योगाला भांडवल मिळावे, कोणत्या कंपन्यांनी एकत्र येऊन संशोधन करावे, यावर या मंत्रालयाचे बारीक लक्ष असे. मात्र जपानच्या यशाला एक गालबोट लागलेले होते. ‘हे लोक दुसऱ्याचे शोध घेतात आणि ते अधिक स्वस्तात, अधिक नेटके करून विकतात, मूळ शोध यांचा नसतो’, अशी टीका पाश्चात्त्य देशांत सर्रास होत असे. ती जपानी मनाला झोंबत होती.

दुसरे कारण भूगोलाचे. जपानजवळ तेल नाही आणि खनिजेही बेताचीच. १९७३ च्या तेलसंकटाने ही उणीव प्रकर्षाने जाणवून दिली. ज्या देशाजवळ खाणी नाहीत त्याने ज्ञान हीच आपली खाण मानली पाहिजे, हा विचार या काळात दृढ झाला.

तिसरे कारण भाषेचे आहे. आपण कला शाखेच्या अभ्यासकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. संगणकाचा जन्म रोमन लिपीच्या घरात झाला. सव्वीस अक्षरांसाठी केलेला कळफलक जपानी भाषेला कसा पुरणार? १९८१ साली जपान सरकारने नित्योपयोगी चिनी चिन्हांची जी यादी जाहीर केली, तिच्यातच १,९४५ चिन्हे होती. त्यांच्या जोडीला दोन स्वतंत्र वर्णमाला. तोशिबा कंपनीने १९७८ साली जपानी मजकूर लिहिणारे पहिले यंत्र जाहीर केले तेव्हा त्याची किंमत ६३ लाख येन होती. ज्या यंत्राला आपली भाषा कळत नाही ते यंत्र आपल्या सामान्य माणसाच्या हाती कधीच पडणार नाही, ही जाणीव जपानी शास्त्रज्ञांना होती. म्हणून माणसाशी माणसाच्या भाषेत बोलणारा संगणक हा त्यांच्या संकल्पाचा गाभाच ठरला.

ऑक्टोबर १९८१ मध्ये टोकिओ येथे एक आंतरराष्ट्रीय परिषद बोलावण्यात आली आणि तेथे या योजनेचा आराखडा जगापुढे ठेवण्यात आला. निर्वात नळ्यांचे यंत्र ही संगणकाची पहिली पिढी, ट्रान्झिस्टरची दुसरी, एकात्मिक मंडलांची तिसरी आणि अतिसूक्ष्म एकात्मिक मंडलांची चौथी. आता यापुढची पिढी केवळ आकडेमोड करणार नाही, ती विचार करील, असे या आराखड्याचे सांगणे होते. म्हणून तिला नाव मिळाले ‘पाचवी पिढी’. एप्रिल १९८२ मध्ये टोकिओत एक स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन झाली. काझुहिरो फुची हे तिचे प्रमुख झाले. फुजित्सु, हिताची, तोशिबा, मित्सुबिशी इत्यादी बड्या कंपन्यांतून सुमारे चाळीस संशोधक निवडण्यात आले आणि ते पस्तिशीच्या आतलेच असावेत असा फुचींचा आग्रह होता. मुरलेली माणसे जुन्या वाटेनेच जातात, असे त्यांचे मत होते.

२. तर्काचे यंत्र

या मंडळींनी कोणता मार्ग पत्करला हे समजल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. त्यांनी तर्कशास्त्राचा आधार घेतला. न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. जेथे धूर तेथे अग्नी. पर्वतावर धूर दिसतो. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. एक नियम, एक वस्तुस्थिती आणि त्यातून निघणारे अनुमान. अशी अनुमाने यंत्राकडून करवून घेण्यासाठी १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे ‘प्रोलॉग’ नावाची संगणकभाषा तयार झाली होती. तिच्या मुळाशी असलेला तर्कशास्त्रीय विचार एडिंबरो येथे काम करणाऱ्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा होता.

या भाषेत यंत्राला पायऱ्या सांगावयाच्या नसतात, फक्त माहिती आणि नियम सांगावयाचे असतात. समजा, आपण यंत्राला सांगितले की शहाजीराजे हे शिवाजी महाराजांचे वडील आणि शिवाजी महाराज हे संभाजी महाराजांचे वडील. वर एक नियम दिला की, वडिलांचे वडील म्हणजे आजोबा. आता ‘संभाजी महाराजांचे आजोबा कोण?’ असे विचारले तर उत्तर कोठेही लिहून ठेवलेले नसताना यंत्र ते शोधून काढते. अशा अनुमानाची एक एक पायरी हे या प्रकल्पाचे माप ठरले. जसे विजेचे माप वॅट, तसे बुद्धीचे माप ‘दर सेकंदाला किती अनुमाने’. दहा वर्षांच्या अखेरीस दर सेकंदाला दहा कोटी ते शंभर कोटी अनुमाने करणारे यंत्र बांधावयाचे, असे ठरले. त्यासाठी शेकडो लहान संगणक एकाच वेळी जोडीने कामाला लावण्याची कल्पना होती. याखेरीज भाषांतराचे ध्येय होते ते असे : एक लाख शब्दांचा संग्रह आणि जपानी व इंग्रजी यांमध्ये नव्वद टक्के अचूक भाषांतर.

३. जगाची धावपळ

या घोषणेने पाश्चात्त्य जगात केवढी खळबळ उडाली याची आज कल्पना येणे कठीण आहे. १९८३ साली एडवर्ड फायगेनबॉम आणि पामेला मॅकॉर्डक यांनी ‘द फिफ्थ जनरेशन’ हे पुस्तक लिहून अमेरिकेला सावधगिरीचा इशारा दिला. मोटारी गेल्या, दूरदर्शनसंच गेले, आता बुद्धीही जाणार, अशी ती भीती होती. अमेरिकेत परस्परांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे सामाईक संशोधनसंस्था काढली. संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने १९८३ साली स्वतंत्र मोठी योजना आखली. १९८४ मध्ये युरोपीय राष्ट्रांची ‘एस्प्रि’ योजना सुरू झाली. ब्रिटनची कथा तर विशेष बोलकी आहे. १९७३ साली सर जेम्स लाइटहिल यांच्या प्रतिकूल अहवालानंतर त्या देशाने या विषयाला मिळणारे साहाय्य आखडते घेतले होते. पुढे दहा वर्षे होतात न होतात तोच, १९८३ साली, त्याच देशाला पस्तीस कोटी पौंडांची ‘आल्वी’ योजना हाती घ्यावी लागली. शेजारी धावू लागला की आपणही धावावयाचे, हा राष्ट्रांचाही स्वभाव असावा.

हे लोण भारतापर्यंतही आले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा एक प्रकल्प सुरू केला. मुंबई, मद्रास, बंगलोर आणि कलकत्ता येथील संशोधनसंस्थांना त्यात कामे वाटून देण्यात आली होती.

४. दहा वर्षांचे फलित

जून १९९२ मध्ये टोकिओ येथेच प्रकल्पाची अखेरची मोठी परिषद भरली. दहा वर्षांत सुमारे ५,४०० कोटी येन खर्च झाले होते. निष्पत्ती काय? येथे निवाडा करताना घाई करून चालणार नाही. ठरवलेले यंत्र या मंडळींनी खरोखरच बांधले होते. पहिल्या टप्प्यातील यंत्र सेकंदाला सुमारे तीस हजार अनुमाने करीत असे. अखेरच्या टप्प्यातील, शेकडो संगणक एकत्र जोडलेल्या यंत्राने दहा कोटींची मर्यादा ओलांडली. कायद्यातील युक्तिवाद मांडणारी आणि प्रथिनांच्या रचनेची तुलना करणारी प्रणालीही त्यावर चालवून दाखवण्यात आली. परीक्षेच्या भाषेत बोलावयाचे तर विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका वेळेत सोडवली होती.

तरीही हे यंत्र विकत घेणारा कोणी पुढे आला नाही. मंत्रालयाने प्रकल्पात तयार झालेल्या सर्व आज्ञावली जगातील कोणालाही विनामूल्य देऊ केल्या. पुढे संस्थेला आणखी थोडी मुदत मिळाली आणि १९९५ साली तिचे काम संपले. संगणक माणसाशी मोकळेपणाने जपानीत बोलू लागला नव्हता आणि भाषांतराचे मूळ स्वप्नही दूरच राहिले होते.

असे का व्हावे? पहिले कारण व्यवहारातले. ज्या दशकात हे खास यंत्र घडत होते त्याच दशकात साधे संगणक इतक्या झपाट्याने वेगवान आणि स्वस्त झाले की खास यंत्राची गरजच उरली नाही. त्यातून या यंत्राची भाषा संस्थेबाहेर फारच थोड्यांना येत होती. दुसरे कारण अधिक खोल आहे. माणसाचे सारे शहाणपण नियमांत मांडता येत नाही. परीक्षकाला शंभर विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातला ‘क’ ओळखता येतो. कोणाची गाठ लहान, कोणाचा पाय तिरपा, कोणाची शिरोरेषाच गायब. पण ‘तुम्ही तो कोणत्या नियमाने ओळखला ते लिहून द्या’ असे म्हटले तर तोच परीक्षक निरुत्तर होईल. वडिलांचे वडील म्हणजे आजोबा हा नियम सांगता येतो. चेहऱ्यावरची नाराजी कशी ओळखावी हा नियम सांगता येत नाही. तर्काचे यंत्र कितीही वेगाने चालले तरी जे नियम कोणी सांगूच शकत नाही ते त्याला कोठून मिळणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

५. शेजारच्या शेतातले बी

या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. नियम न सांगता, नुसती उदाहरणे दाखवून यंत्राला शिकवावे, असा एक निराळा विचार जगात होताच. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या या पद्धतीला चेताजाल असे म्हणता येईल. या पद्धतीचे एक फार महत्त्वाचे काम १९८० साली, म्हणजे पाचव्या पिढीची घोषणा होण्याच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झाले होते. ते कोठे झाले? टोकिओतच! जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या कुनिहिको फुकुशिमा यांनी ‘निओकॉग्निट्रॉन’ नावाची रचना मांडली. डोळ्यांतून आलेले चित्र मेंदू थराथराने कसे पारखतो याचे अनुकरण तिच्यात होते आणि अक्षर थोडे सरकले अथवा वेडेवाकडे झाले तरी ते तिला ओळखता येई. म्हणजे आपल्या परीक्षकाचेच काम ती करू पाहत होती.

आज छायाचित्रांतील वस्तू ओळखणाऱ्या ज्या संगणकप्रणाली आहेत, त्यांतील एका प्रमुख घराण्याची वंशावळ फुकुशिमांच्या या रचनेपर्यंत मागे नेता येते. पण राष्ट्रीय योजनेचा राजमार्ग तर्काच्या दिशेने आखला गेला होता आणि चेताजालाला त्यात स्थान नव्हते.

येथे न्यायबुद्धी सोडता कामा नये. १९८० साली अशा जालाला पुरेसे शिकवता येईल एवढा वेगवान संगणक कोणाजवळच नव्हता आणि लक्षावधी चित्रांचा साठाही नव्हता. तर्काचा मार्ग निवडणारे लोक अडाणी नव्हते. त्या काळातील जगातले अनेक मोठे विद्वान त्याच मताचे होते. चूक निवडीत होती असे म्हणण्यापेक्षा, एकच निवड करून इतर वाटा योजनेबाहेर ठेवण्यात होती, असे म्हणणे अधिक योग्य. माप एकदा ‘सेकंदाला किती अनुमाने’ असे ठरले की त्या मापात न बसणारी बुद्धी योजनेला दिसेनाशी होते.

६. कॅनडाची संथ वाट

योगायोग असा की, ज्या १९८२ साली टोकिओतील संस्था निघाली, त्याच साली कॅनडात प्रगत संशोधनाला साहाय्य करणारी एक संस्था स्थापन झाली. तिचा पहिला कार्यक्रम कृत्रिम बुद्धिमत्तेचाच होता. मात्र तिने कोणते यंत्र बांधावयाचे आहे हे जाहीर केले नाही. चांगली माणसे निवडावी, त्यांना अध्यापनाच्या ओझ्यातून काहीसे मोकळे करावे, एकमेकांना भेटू द्यावे आणि वाट पाहावी, अशी तिची रीत होती. १९८७ साली जेफ्री हिंटन हे ब्रिटिश वंशाचे संशोधक अमेरिका सोडून टोरांटो विद्यापीठात आले, ते या संस्थेच्या साहाय्यामुळे. अमेरिकेत या विषयाला मिळणारा बराचसा पैसा लष्कराकडून येई आणि ते त्यांना रुचत नव्हते.

चेताजालाचा विषय पुढे वर्षानुवर्षे मागे पडलेला होता. २००४ साली याच संस्थेने हिंटन यांच्या नेतृत्वाखाली त्यावर एक लहानसा कार्यक्रम सुरू केला. २०१२ साली हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी चित्रे ओळखण्याच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चुकांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे ते सव्वीस टक्के होते. तेथून या विषयाचे नशीबच पालटले. २०२४ साली हिंटन यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. संस्थेच्या स्थापनेपासून त्या २०१२ सालापर्यंत तीस वर्षे गेली होती. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणणाऱ्याला येथे काही हाती लागले नसते.

पण कॅनडाची कथाही निर्भेळ यशाची नाही. २०१३ साली हिंटन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी काढलेली छोटी कंपनी गुगलने विकत घेतली. शोध टोरांटोत लागला, पण त्यातून उभे राहिलेले मोठे उद्योग मुख्यतः अमेरिकेत वाढले. कॅनडाने २०१७ साली साडेबारा कोटी डॉलरांचे राष्ट्रीय धोरण आखून एडमंटन, मॉन्ट्रिऑल आणि टोरांटो या तीन शहरांतील संस्थांना बळ दिले, त्यामागे आपली माणसे आपल्याकडेच टिकावीत हाही हेतू होता. जपानजवळ कारखाने, पैसा आणि शिस्त होती, परंतु वाट एकच होती. कॅनडाजवळ धीर होता आणि माणसे होती, परंतु पीक घरात आणण्याची सोय अपुरी होती. राष्ट्रीय धोरणाला या दोन्ही गोष्टी लागतात आणि त्या एकत्र नांदणे फार अवघड असते, हा या तुलनेचा निष्कर्ष म्हणता येईल.

७. आपल्यापुरता विचार

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची पाच वर्षांची योजना मंजूर केली. तिच्यातील मोठा वाटा संगणनक्षमता उभारण्यासाठी आहे. यंत्रे हवीतच, यात वाद नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने तीन वर्षांत ‘परम’ महासंगणक उभा करून दाखवला होता. ठरवून बांधता येण्याजोगी गोष्ट आपण ठरवून बांधू शकतो, याची ती साक्ष आहे. परंतु जपानच्या उदाहरणावरून दिसते की यंत्र वेळेत उभे राहणे ही धोरणाची अर्धीच परीक्षा असते.

उरलेली अर्धी परीक्षा भाषेची आहे, आणि येथे आपला, म्हणजे कला शाखेचा, संबंध येतो. जपानच्या प्रकल्पाच्याच काळात, १९८६ साली, तेथे संगणकासाठी कोश तयार करणारी एक स्वतंत्र संस्था निघाली. तिने जपानी व इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि त्या अर्थांचे परस्परसंबंध नोंदवण्याचे काम नऊ वर्षे चिकाटीने केले. त्या कामाची वर्तमानपत्रांत फारशी गाजावाजा झाली नसेल, पण भाषेच्या संशोधकांना ते पुढे उपयोगी पडले. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे विणण्याचे काम झाले आहे. दाते–कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ची परंपरा असलेल्या भाषेला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

आजचे यंत्र उदाहरणांवरून शिकते. मग मराठीची उदाहरणे त्याला कोण देणार? वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्याचे वाक्य त्याला कळावे यासाठी ते वाक्य कोणीतरी ऐकून नीट टिपून ठेवलेले असावे लागते. जुनी नियतकालिके, दप्तरे, लोकगीते, ग्रामीण व्यवसायांतील शब्द हे सारे कोणीतरी जमवून, तपासून, शुद्ध स्वरूपात जतन केलेले असावे लागते. भाषांतर बरोबर आहे की चुकले आहे हे सांगणारा, दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. ही कामे अभियंता एकटा करू शकत नाही. ती भाषाविज्ञानाच्या, इतिहासाच्या आणि साहित्याच्या विद्यार्थ्याची कामे आहेत.

टोकिओतील त्या चाळीस तरुणांनी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारे यंत्र बांधावयास घेतले, तेव्हा भाषा शेवटी नियमांत मावेल असे त्यांनी गृहीत धरले होते. ती मावली नाही. ती लोकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात विखुरलेली होती आणि तेथूनच ती वेचावी लागते. आपल्या महाविद्यालयाच्या परिसरातील गावांत अशी वेचणी करावयाची झाली तर त्यासाठी महासंगणक लागत नाही. वही, ध्वनिमुद्रणाचे साधे साधन आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे. मराठी विभागाने पुढील वर्षी एखाद्या व्यवसायाचे, मग तो कुंभाराचा असो की विणकराचा, शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले, तर त्या राष्ट्रीय धोरणातील एक लहानसा वाटा आपण उचलला असे म्हणावयास हरकत नाही.